नऊ पृथ्व्यांचा फेरफार

रविवार, १० मे १९८७

काल जेवताना हिरूने जाहीर केले की तिला पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे आहे. प्रवेशपरीक्षा जूनच्या अखेरीस. भात कालवता कालवता म्हणाली, जणू पळसदरीच्या धरणावर फिरायला जाते म्हणते आहे.

मी नाही म्हणालो नाही. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण सौ. उद्या काहीही म्हणेल. मी म्हणालो, बघू. सौ. म्हणाली, म्हणजे नाही. मी म्हणालो, बघू म्हणजे बघू. ती म्हणाली, आपल्या मोरीची फरशी तुम्ही सात वर्षे बघताय.

माझा बेत वेगळा होता. बारावीचा निकाल लागला की बी.एस्सी. कॉलेज असे की संध्याकाळी मुलगी दहिवलीला घरी. मुलगी एकुलती एक आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

चित्रकलेचे खूळ कुठून आले ते उघड आहे. माझा साडू पदू मोहोपाड्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या कॉलनीतल्या एका साहेबाकडे अमेरिकेहून कॉमिक्स येतात. हिरू दर सुट्टीत मावशीकडे जाते आणि तिथून, चड्डी बाहेरून घातलेले बाप्ये आकाशात उडताहेत अशी पुस्तके घेऊन येते. पुस्तकांशेजारी वही घेऊन तासन् तास रेघोट्या.

तरीही न वाचता मत देणे माझ्या स्वभावात नाही. कचेरीत माझ्या टेबलावरून एकही प्रकरण सर्व कागद वाचल्याशिवाय पुढे गेलेले नाही. (त्यामुळे काही प्रकरणे पुढे गेलेली नाहीत. तो मुद्दा वेगळा.)

संकल्प: कॉमिक्स वाचायचे. पूर्वग्रह न ठेवता. मग कारणांसह लेखी अभिप्राय द्यायचा. तो अनुकूल असेल तर पुणे, प्रतिकूल असेल तर बी.एस्सी. हिरूला हे सांगितले. तिने एक पातळसा अंक आणून समोर ठेवला. चहापर्यंत निकाल लावतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

निकाल लागला नाही.

कथेचे नाव 'नाइन अर्थ्स फॉलिंग'. भाग सातवा. पहिल्याच पानावर कॅप्टन मेरिडियन नावाचा गृहस्थ मरून पडला आहे आणि तीसएक लोक त्याच्याभोवती रडताहेत. तिसऱ्या पानावर तोच गृहस्थ दारातून आत येतो, स्वतःच्या प्रेताकडे बघतो आणि म्हणतो, मला वाटलेच होते. पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप: पाहा, 'लेडी क्वार्ट्झ', अंक ११४.

पाहा म्हणजे कुठे पाहा?

हिरूला विचारले. म्हणाली, बाबा, पृथ्व्या नऊ आहेत, प्रत्येकीवर एकेक कॅप्टन, हा मेलाय तो चौथीवरचा. एवढे बोलून आंबा खायला निघून गेली.

आधीचे सहा भाग वाचावे लागतील. आठवडा पुरे.

सोमवार, ११ मे

कचेरीत एका वाटपाच्या प्रकरणावर टिपण लिहिताना उलगडा झाला. पेन तसेच खाली ठेवले.

पोटहिस्से! मूळ पृथ्वी एकच. पुढे वाटण्या होत गेल्या: पृथ्वी १, मग १/१, १/२, १/२/अ. मग प्रत्येक हिश्श्यावर तोच कॅप्टन कसा नसेल? बापाचे नाव सगळ्या उताऱ्यांवर येतेच की. कॉलनीतले इंजिनियर डोके धरून बसत असतील. महसुलातल्या माणसाला हे पोरखेळ आहे.

आमचा शिपाई गोमा चहा घेऊन आला होता. त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, साहेब, नऊ वाटेकरी म्हंजे बांधावरनं डोकी फुटनारच. सातव्या भागात नेमके तेच चालले आहे. एकही अंक न वाचता गोमाला कथा समजली, यावरून माझी मांडणी किती सोपी आहे ते दिसते.

शुक्रवार, १५ मे

हिरूकडे पहिले सहा भाग आहेत, पण पूर्ण कथा त्यांत नाही. कथा एका अंकात सुरू होते, दुसऱ्याच मासिकात पळून जाते आणि दोन अंकांनी दमून परत येते. दुसऱ्या भागात 'नाइट हेरॉन' नावाचा बगळ्याच्या तोंडाचा मनुष्य खिडकीतून उडी मारतो. तिसऱ्या भागात तो दवाखान्यात आहे. मधली उडी 'नाइट हेरॉन'च्या स्वतःच्या मासिकात. ते मासिक हिरूकडे नाही.

हिरू म्हणाली, बाबा, सगळं वाचावं लागत नाही. उडी मारली, पडला, कळलं की. मी म्हणालो, असेच म्हणत गेल्याने जगात अन्याय होतात.

तिने सौ.कडे बघितले. दोघी एकमेकींकडे फार बघतात हल्ली.

रविवार, १७ मे

एस.टी.ने चौक गावापर्यंत, तिथून टेंपोने मोहोपाडा. सौ.ला सांगितले, पदूला भेटून येतो. हे खरेच होते. पदूला भेटलो.

पदू म्हणाला, गजाननराव, पोरीला पाठवायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, हे असलं कशाला वाचताय? वरवर विचार करणाऱ्या लोकांची हीच अडचण असते. त्याला म्हणालो, मी अजून मत बनवलेले नाही. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.

कॉलनीची सगळी रद्दी तिथल्या चांगो रद्दीवाल्याकडे येते. पत्र्याच्या शेडमध्ये तराजू आणि छतापर्यंत गठ्ठे. मी 'लेडी क्वार्ट्झ' ११४ मागितला. चांगो म्हणाला, साहेब, हितं नंबर नाय चालत, किलो चालतो, किती किलो देऊ? मी म्हणालो, लेडीचा एक अंक हवा आहे. त्याने आत तोंड करून हाळी दिली, अगं, आत कोन लेडी हाय का? आतून बायकोचा आवाज आला, मी हाय, का रं?

तीन किलो घेतले. ११४ त्यात नाही. पण हेरॉनची उडी सापडली. उडीचे मधले पान नाही. चांगो म्हणाला, सुटी पानं भेळवाल्याकडं गेली असतील.

कॉलनीच्या फाटकावर भेळ तीनदा घेतली. दोनदा मराठी पेपर आणि एकदा कॅप्टनचा डावा पाय, गुडघ्यापर्यंत.

पोट बरे नाही.

बुधवार, २० मे

मोठी गोष्ट हाती लागली.

एका अंकात काही मुलामुलींना 'म्युटंट' म्हटले आहे. एक मुलगी भिंतीतून जाते, एकाच्या अंगातून उजेड निघतो. गाव त्यांच्या मागे लागले आहे. का, ते हिरूला सांगता येईना. मला लगेच आले. म्युटेशन म्हणजे फेरफार! कचेरीत इंग्रजीतून पत्र आले की म्युटेशन एंट्री म्हणजे फेरफार नोंदच. या मुलांच्या नावचा फेरफार झालेला आहे आणि गावाला तो मान्य नाही. गावाचेही चूक म्हणता येणार नाही. फेरफार असा परस्पर होत नसतो.

हिरूला हे सांगितले. ती आधी खूप हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर हसली. मग म्हणाली, अहो बाबा, ते जन्मतःच तसे असतात. त्यांची कोणी नोंद नाही घेत. मी म्हणालो, मग ते नियमाविरुद्ध आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच तर गाव मागे लागतं.

हसू थांबले होते. वही उचलून मागच्या पडवीत गेली.

काय चुकले ते पुन्हा तपासले. माझ्या मते काहीही चुकलेले नाही. फार तर शब्दाचा अर्थ.

रविवार, २४ मे

खलनायकाबद्दल. याचे नाव 'सर्व्हेयर'. म्हणजे मोजणीदार. पांढरा अंगरखा, हातात प्रकाशाची साखळी. नऊ पृथ्व्यांची एकच पृथ्वी करावी, एवढेच त्याचे म्हणणे. बाकीच्या आठांवरचे लोक बोंबा मारताहेत. म्हणजे हे दुसरेतिसरे काही नसून जमिनींची एकत्रीकरण योजना आहे! आमच्याकडेही हीच बोंब झाली होती: माझा चांगला तुकडा गेला, खडकाचा पदरात आला. पण तत्त्व वाईट नव्हते.

सगळे अंक 'सर्व्हेयर'ला राक्षस म्हणतात. त्याची बाजू कोणीच मांडत नाही. अभिप्रायात मांडावी लागेल.

सौ.ने विचारले, कसला अभिप्राय? मी म्हणालो, हिरूच्या पुण्याचा. ती म्हणाली, मला वाटलं, विसरलात.

मंगळवार, २६ मे

आज एक अप्रिय प्रसंग.

जेवणाच्या सुट्टीत (सुट्टीतच) पाचवा भाग चाळत होतो. कोणी आले म्हणून एका फायलीत सरकवला. ती फाईल गोमाने साहेबांच्या टेबलावर नेली. उरलेली दुपार मी बडतर्फीच्या विचारात काढली. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर असा शेवट! आणि दोष माझाच. स्वतःला अजिबात सोडले नाही.

पाच वाजता फाईल परत आली. अंकावर चिठ्ठी, साहेबांच्या अक्षरात: 'अपूर्ण. मागील व पुढील भाग जोडून फेरसादर करावे.'

रविवार, ३१ मे

संकल्प (सुधारित): जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रम लावून पूर्ण. पडवीत सतरंजीवर नऊ ढीग केले आहेत, पृथ्वीनिहाय. वारा येतो म्हणून प्रत्येकावर काहीतरी ठेवले आहे. सौ. वरवंटा शोधत होती. पृथ्वी क्रमांक तीनवर होता.

सौ.ने माझ्या टेबलावर हिरूच्या कॉलेजचा अर्ज ठेवला आहे. पालकांच्या सहीसाठी. सांगून ठेवला: हा इथे ठेवलाय, नाही म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणालो, अभिप्राय झाल्याशिवाय सही करणे नियमबाह्य आहे. अर्ज उडू नये म्हणून त्यावर पृथ्वी क्रमांक सहा ठेवली.

गुरुवार, ४ जून

स्वतःला एक सरळ प्रश्न विचारला. मी वेळ काढतो आहे का? प्रामाणिक उत्तर: नाही. पुन्हा विचारला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारणार होतो, तेवढ्यात गोमा साहेबांचा निरोप घेऊन आला. आठवा भाग मिळाला का, असे विचारत आहेत.

रविवार, ७ जून

पृथ्व्यांची वंशावळ काढायला मोठा कागद हवा होता. हिरूच्या टेबलावर जाड कागद पडला होता. वर दिसणारी बाजू कोरी. त्यावर वंशावळ काढली, निळ्या आणि लाल शाईत. कॅप्टनच्या नऊ शाखा, मृत शाखांपुढे काट. फार सुरेख जमली. तिला दाखवायला घेऊन गेलो.

तिने कागद उलटा केला. मागे चित्र होते. परीक्षेला बरोबर न्यायच्या पाच चित्रांतले एक. लाल शाई आरपार गेली होती.

चित्र माझे होते. पडवीतली खुर्ची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात अंक, तोंड किंचित उघडे.

तिला म्हणालो, कागदावर नाव नव्हते. ती म्हणाली, राहू द्या बाबा, दुसरं काढते. मी म्हणालो, शिवाय हनुवटी माझी इतकी आत नाही. तिने कागद माझ्याकडेच दिला. वंशावळ तुम्हाला लागेल ना, म्हणाली.

सौ. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती.

संध्याकाळी आरशात पाहिले. हनुवटी आहे तशीच काढली आहे.

गुरुवार, ११ जून

गेले तीन दिवस वंशावळीत चूक शोधतो आहे. कागद उजेडात धरला की कॅप्टनच्या पाचव्या शाखेच्या जागी माझा कान दिसतो. काम नीट होत नाही.

बारावीचा निकाल लागला. हिरू फर्स्ट क्लास. पेढे आणले. तिला म्हणालो, या मार्कांवर बी.एस्सी. सहज मिळेल. घरात पेढे कोणी खाल्ले नाहीत. मी दोन खाल्ले.

रविवार, १४ जून

पुन्हा मोहोपाडा. चांगो मला बघून म्हणाला, या लेडीवाले साहेब. दीड किलो. त्यात आठ ते अकरा भाग, आणि ११४ मिळाला! शेडमध्येच उभ्याने वाचला. चौथ्या पृथ्वीवरचा कॅप्टन का मरतो, ते कळले. 'लेडी क्वार्ट्झ' त्याची मुलगी आहे. ती त्याला सोडून पहिल्या पृथ्वीवर निघाली आहे. दार बंद होऊ नये म्हणून तो ते धरून उभा राहतो. ती पलीकडे पोचते, मग दार त्याच्यावर पडते. एवढ्या ताकदीच्या माणसाला दाराला पाचर लावायचे सुचू नये?

परतीच्या टेंपोत डोळ्यांत धूळ गेली.

एकच कोडे उरले. नऊपैकी कोणती पृथ्वी टिकते? ते बाराव्या, म्हणजे शेवटच्या भागात आहे. चांगो म्हणाला, त्या अमेरिकेच्या पुस्तकवाल्या साहेबांची बदली झाली, घर खाली केलं, आता त्यांची रद्दी दुसरीकडं जानार.

शुक्रवार, १९ जून

टेबलावरून पृथ्वी क्रमांक सहा उचलली. खाली अर्ज नव्हता.

सौ.ला विचारले. म्हणाली, गेला. कुठे गेला? पुण्याला. सहीशिवाय? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, सहीनिशी. माझ्या. पालक म्हणजे बापच, असं कुठं लिहिलंय?

लिहिलेले नाही. नंतर आठवून पाहिले, कुठेच लिहिलेले नाही.

मी म्हणालो, पण माझा अभिप्राय व्हायचा होता. तेव्हा तिने ताट बाजूला ठेवले. म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी तुमची कचेरी. तलाठी नोंद धरतो, मग नोटीस काढतो. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर नोंद मंजूर. असंच ना? मी म्हणालो, असेच. ती म्हणाली, कागद तुमच्या टेबलावर ठेवला ती नोटीस. तोंडी पण सांगितलं होतं. घेतलीत हरकत?

मी म्हणालो, घेतली नाही, पण. ती म्हणाली, 'पण'ला रकाना नाही.

प्रक्रियेत दोष काढता आला नाही. दोनदा प्रयत्न केला.

हिरू आतल्या खोलीत होती. सगळे ऐकत असणार. पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

रविवार, २१ जून

शांतपणे विचार केला. सही झाली याचा अर्थ चौकशी संपली असा होत नाही. उलट आता दबाव नसल्याने अभिप्राय अधिक स्वच्छ होईल. परवा परीक्षेला हिरूबरोबर सौ. आणि पदू जाताहेत. मीही जाणार होतो. पण तिघांना रिक्षा पुरते, चौघांना नाही. शिवाय त्या दिवशी अकरावा भाग पुन्हा वाचून संपवता येईल.

सौ. म्हणाली, या ना. मी म्हणालो, रिक्षाचे काय? ती म्हणाली, बरं.

मंगळवार, २३ जून

रजा घेतली होती. घरात कोणी नाही. पडवीत नऊ ढीग. अकरावा भाग उघडला आणि दुपारपर्यंत एकाच पानावर होतो.

पानावर फक्त हात आहेत. निरनिराळ्या पृथ्व्यांवरचे लोक एकमेकांना वर ओढताहेत आणि चित्रकाराने नुसते हात काढले आहेत. अक्षर एकही नाही. म्हातारे हात, लहान हात, एक हातमोजा फाटलेला. हे पान मी आधी दोनदा ओलांडून गेलो होतो. वाचायला काही नव्हते म्हणून.

हिरूच्या टेबलाशी गेलो. वहीत हातच हात आहेत. सौ.चे, तांदूळ निवडताना. पदूचे, सिगारेट लपवताना. एका पानावर माझे दोन, पेनचे टोपण लावताना. मी टोपण असे दोन बोटांनी फिरवतो, हे मला माहीत नव्हते.

वही जिथे होती तिथेच ठेवली. विचारल्याशिवाय पाहिली, हे योग्य नव्हते. तिला सांगायला हवे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आले तिघे. परीक्षा बरी गेली म्हणाली. वहीचे सांगितले नाही. दमलेली होती.

रविवार, ५ जुलै

निवड झाली. परवा जायचे. होस्टेलची खोली तिघींत एक.

पदू पेढे घेऊन आला. मला म्हणाला, काय गजाननराव, झाला का तुमचा निकाल? मी म्हणालो, शेवटचा भाग मिळायचा आहे. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. सौ. पण हसली. हिरू हसली नाही. मला वाटते, माझी अडचण तिला एकटीला समजते.

कचेरीतल्या साहेबांनीही काल विचारले, बारावा मिळाला का. नाही म्हटल्यावर त्यांनी दोन चहा मागवले.

संकल्प: स्टेशनवर तिच्याशी बोलायचे. कर्जतला गाडी थांबते, घाटासाठी मागून इंजिने जोडतात. तेवढा वेळ पुरेल असे भाषण तयार केले आहे. मुद्दे तीन: चित्रे पाहिली, चित्रे चांगली आहेत, जा.

मंगळवार, ७ जुलै

पिशवी माझ्याकडे होती, वळकटी पदूकडे. गाडीत जागा मिळाली, खिडकीची. सौ. होस्टेलपर्यंत सोबत जात आहे, म्हणून तीही आत. मी फलाटावर.

इंजिने जोडत होते. मी म्हणालो, पाणी घेतलेस का? घेतले होते. मी म्हणालो, मफलर? सौ. म्हणाली, जुलै आहे हो. मग वडे घेऊन दिले. मग सुटे पैसे मोजत बसलो.

हिरूच म्हणाली, बाबा, तुम्हाला आवडलं का शेवटी? एवढं वाचलंत ते?

तयार केलेले सगळे तिथेच, जिभेवर होते. मी म्हणालो, अजून शेवटचा अंक मिळालेला नाही, त्याआधी काही म्हणणे बरोबर होणार नाही.

ती म्हणाली, हो, ते आहेच. खिडकीच्या गजावर माझा हात होता, त्याच्याकडे बघत होती. मग मागून धक्का बसला आणि गाडी हलली.

हात हलवायला उशीर झाला. गाडीचा शेवटचा डबाही पुढे गेला होता. मग मागची इंजिने गेली. ड्रायव्हरने हात केला.

रविवार, १२ जुलै

आज अभिप्राय पूर्ण केला. शेवटच्या भागाशिवाय. कोणती पृथ्वी टिकली ते कळल्यावाचून लिहावे लागले. हे तत्त्वाला सोडून आहे, पण त्याची कारणे परिशिष्टात दिली आहेत. एकूण सात पाने. 'सर्व्हेयर'ची बाजू मांडली आहे. म्युटेशनच्या अर्थाबाबत दुरुस्ती केली आहे. निष्कर्ष: 'हिरूची चित्रे, विशेषतः हात, चांगले आहेत. पुण्यास जाण्यास हरकत नाही.'

दोनदा वाचून पाहिले. एकही खाडाखोड नाही. वाचून दाखवायला हिरूला हाक मारली.

सवयीने.

सौ. हात पुसत बाहेर आली. खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, वाचा.

सगळे वाचले, परिशिष्टासकट. मध्ये एकदाही उठली नाही. संपल्यावर म्हणाली, त्यातलं चित्रांचं तेवढं एका कार्डावर लिहा आणि पाठवा तिला. पंधरा पैशांत मावेल.

मी म्हणालो, संदर्भाशिवाय नुसता निष्कर्ष पाठवणे योग्य नव्हे. ती म्हणाली, नुसताच पाठवा.

तिने देव्हाऱ्याच्या खणातून कार्ड आणून दिले आणि कुकर बघायला गेली. 'चि. हिरूस अनेक आशीर्वाद', इथपर्यंत लिहून झाले आहे.